चार पॉइंट एक

शाळेच्या प्रयोगशाळेत ल्याओबाईंनी पाचव्या फुग्याची मान चिमटीत धरली, तोंडाला गुंडाळलेला दोरा सोडवला आणि फुगा रबरी नळीवर चढवला. मग चिमटी हळूहळू सैल केली. सहा लिटरची प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली त्यांनी दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये उलटी अडकवली होती. फुग्यातला वायू लांब नळीतून वर चढून बाटलीच्या बुडाशी साठत होता आणि आतली हवा आखूड नळीतून खाली निघून जात होती. फुगा सुरकुतत गेला. बाईंनी दोन्ही नळ्यांना चिमटे लावले, खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि बाटली वजनकाट्यावर ठेवली.

बाहेर मैदानावर ध्वनिवर्धकाची चाचणी चालली होती. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. त्याच्या पलीकडून, बाजाराच्या अंगाने, ढोल ऐकू येत होते. मात्सू या समुद्रदेवीची पालखी देवळातून निघाली होती. दहा वाजता ती शाळेच्या फाटकासमोर येणार, आणि पहिली-दुसरीची एकशेऐंशी मुलं हातातले फुगे हलवून तिचं स्वागत करणार, असं दोन महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं. फुगे सुटून जाऊ नयेत म्हणून सकाळी सातपासून मुलांच्या मनगटांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या. त्यातल्या चाळीसेक बाईंनी स्वतः बांधल्या होत्या, दुहेरी गाठ मारून.

चाळिसाव्या गाठीला त्यांचा हात थांबला होता. पालखीपुढे फटाके फुटतात. नुसते फुटत नाहीत, या गावात ते पालखीच्या अंगावरच टाकतात, माळाच्या माळा, धुरात पालखी दिसेनाशी होईपर्यंत. आणि फुगेवाला आ-हो दर वर्षी शाळेत हीलियमची टाकी आणून मुलांसमोर फुगे भरायचा. यंदा तो ट्रकमधून भरलेलेच फुगे घेऊन आला होता.

दार ढकलून मुख्याध्यापिका फान आत आल्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात कार्यक्रमाचा कागद, चारदा घडी घातलेला.

"बाई, झालं का तुमचं? देवळाच्या समितीचा दुसऱ्यांदा फोन आला."

"दार लावा आधी. वाऱ्याने काटा हलतोय."

"हा असला काटा वाऱ्याने हलतो?"

"वाऱ्याने हलतो, तुमच्या बोलण्यानेही हलतो."

फान मॅडम दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. गप्प राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"त्याने लिहून दिलंय हीलियम म्हणून. शिक्क्यासकट. तुमचाच विद्यार्थी ना तो?"

"तीस वर्षांपूर्वीचा."

"मग एक फुगा पेटवून बघा आणि मोकळ्या व्हा. हायड्रोजन असला तर भडका उडेल, नसला तर नाही. एवढी बाटली, नळ्या..."

"कुठे पेटवू?" बाईंनी काट्यावरून नजर न काढता विचारलं. "मैदानात मुलं आहेत, फाटकाबाहेर अर्धा गाव आहे. एक फुगा धडाडला की एकशेऐंशी पोरं कुठल्या बाजूला पळतील? आणि पळताना त्यांच्या मनगटाला काय बांधलेलं असेल?"

मॅडमनी कागदाची पाचवी घडी घातली.

काट्यावरचा आकडा शेवटच्या घरात दोनदा डळमळला आणि थांबला. बाईंनी तो लिहून घेतला. आत हवा असताना हीच बाटली जेवढ्या वजनाची भरली होती, त्याहून आता ती सहा पॉइंट शून्य तीन ग्रॅमने हलकी होती. तशीच दुसरी बाटली त्यांनी आधीच मोजपात्राने पाणी ओतून मोजली होती. सहा लिटर पन्नास मिलिलिटर. भिंतीवरच्या यंत्रावर हवेचा दाब होता, तापमापकात सव्वीस अंश.

एवढं पुरेसं होतं. दाब, जागा आणि ऊब ठाऊक असली की त्या जागेत वायूचे किती मोल मावतात ते ठरून जातं, मग वायू कोणताही असो. छत्तीस वर्षं बाईंनी हे मुलांना एकाच पद्धतीने सांगितलं होतं. वर्गातली बाकं सगळ्यांना सारखीच असतात रे, बाकं मोजायला मुलाचं नाव विचारावं लागत नाही. फरक पडतो तो बाकावर कोण बसलंय त्याच्या वजनाने. या बाटलीत एका मोलच्या चौथ्या हिश्श्याला जरा कमी, पॉइंट दोन चार पाच एवढी बाकं होती. त्यांवर हवा बसली तर तिचं वजन सात पॉइंट शून्य चार ग्रॅम. त्यातून सहा पॉइंट शून्य तीन गेले.

"एक ग्रॅम आणि वर किंचित," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी भागाकार केला. एक मोल वायूचं वजन. मोलर वस्तुमान.

"किती?"

"चार पॉइंट एक."

"आणि हीलियमचं?"

"चार."

"हायड्रोजनचं?"

"दोन."

फान मॅडमनी एवढा मोठा श्वास सोडला की काट्यावरचा आकडा खरोखरच हलला. "बाई, तुम्ही म्हणजे ना! माझा तर जीव टांगणीला लावला होता. चला आता, दूध घ्या गरम, आणि फाटकापाशी या. म्हाताऱ्या बाईंनी पुढे उभं राहायचंय, समितीने सांगितलंय."

"म्हातारी कोण?" बाई म्हणाल्या, पण तोपर्यंत मॅडम व्हरांड्यात पोचल्या होत्या. थोड्याच वेळात ध्वनिवर्धकावर त्यांचा आवाज आला. पहिली-दुसरीच्या वर्गांनी ओळीने फाटकाकडे यावं.

बाईंनी बाटली खाली उतरवली. कागद उचलला, पुन्हा ठेवला. चार पॉइंट एक. उत्तर बरोबर होतं, अगदी पुस्तकातल्यासारखं, आणि तेच त्यांना टोचत होतं. इतक्या घाईत, प्लास्टिकच्या बाटलीत, खुर्च्यांवर लटकवून, पाच फुग्यांत उत्तर पुस्तकातल्यासारखं येतं? मुलांच्या वहीत असं उत्तर आलं की त्या विचारायच्या, बेटा, चूक कुठे गेली तुझी?

चूक होतीच. बाटलीत थोडी तरी मूळची हवा उरलीच असणार, पाच फुग्यांनी ती पूर्ण जात नाही. हवा जड. म्हणजे उत्तर वर ढकललं गेलं असणार. फुग्यातला वायू चारच्या खालून वर आला असेल, की चारवरच होता आणि चार पॉइंट एक झाला?

त्यांनी खिडकी उघडली. हाताशी आलेला सुरकुतलेला फुगा उचलून त्यात बोट घातलं, आणि बोट बाहेर काढून अंगठ्यावर घासलं.

बोट ओलसर लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी या गावात सगळंच ओलसर असतं. पण टाकीतला वायू कोरडा असतो. पाण्याची वाफ अठरा, हवा एकोणतीस. हायड्रोजनमध्ये या दोन्ही थोड्या थोड्या मिसळल्या तर वजन चढत चढत कुठेही जाऊन थांबेल. तीनवर, साडेतीनवर. चारवरसुद्धा.

घड्याळात नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. ढोल आता भाजीबाजारातून पुढे सरकले होते.

सूक्ष्मदर्शकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, ओल शोषणारा प्लास्टिकचा डबा होता. इथल्या प्रत्येक घरात कपड्यांच्या कपाटात असतो तसाच. पांढरे खडे हवेतलं पाणी ओढतात आणि महिन्याभरात त्यांचं पाणी होऊन तळाला साचतं. हा डबा अर्धा पाण्याने भरलेला होता. त्याच्यामागे न फोडलेलं एक पाकीट होतं. बाईंनी ते दातांनी फाडलं, माशांच्या टाकीची हातभर लांब नळी घेतली, एका टोकाला कापूस कोंबला, खडे भरले, दुसऱ्या टोकाला पुन्हा कापूस, आणि बाटली परत खुर्च्यांत अडकवून तिच्या लांब नळीला ती जोडली. घाईत दोन खडे जमिनीवर पडले. ते उचलत बसल्या नाहीत.

जादा फुगे पंधरा आले होते, त्यातले पाच संपले. या वेळी दहाच्या दहा लावायचे आणि सावकाश सोडायचे. खड्यांना पाणी ओढायला वेळ हवा. हे सावकाश सोडणं त्यांना आयुष्यात इतकं जड कधी गेलं नव्हतं. फुगा आपल्या गतीने सुरकुतत होता. दुसरा. तिसरा. मैदानावरून पावलांचा आवाज यायला लागला, शेकडो लहान बुटांचा, आणि मधूनच कुणा शिक्षिकेचं ओरडणं, "चाऊ, फुगा चावू नकोस! चावायचा नसतो तो!"

सातव्या फुग्याला त्यांनी स्वतःशीच भांडण केलं. समज, आता उत्तर चारच आलं तर? मग हीलियम. मग मी इथे बसून एका चांगल्या माणसाला चोर ठरवत होते. आणि चारच्या खाली आलं तर? हीलियमपेक्षा हलका वायू जगात एकच आहे. हवा उरली, ओल उरली, तरी उत्तर वरच जाईल, खाली आणणारी चूक या बाटलीत होऊच शकत नाही. म्हणजे चारच्या खाली एकदा गेलं की पुढे वाद नाही.

दहावा फुगा. चिमटे. खिडकी. पंखा बंदच होता. काटा.

सहा पॉइंट वीस.

हवेच्या बाटलीपेक्षा एवढी हलकी. त्यांनी ती परत तोलली. सहा पॉइंट एकोणीस. परत. सहा पॉइंट वीस. सात पॉइंट शून्य चारमधून वजा. पॉइंट चौऱ्याऐंशी. भागाकार करताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी नखाने लाकूड सोलून ते पुन्हा काढलं आणि लिहिलं. तीन पॉइंट चार.

पेन्सिल कानामागे खोचून, कागद मुठीत घेऊन त्या निघाल्या.

आ-हो, म्हणजे त्सेंग चिन-हो, शाळेच्या भिंतीला लावलेल्या आपल्या निळ्या ट्रकच्या फळीवर बसून सुपारी चघळत होता. बाईंना येताना पाहून त्याने ती घाईघाईने कागदात थुंकली, वर्गात पकडला गेल्यासारखा.

"बाई! सोयाबीनचं दूध घेणार? गरम आहे अजून. फान मॅडम म्हणाल्या, तुम्ही माझे फुगे तोलताय. फुगेही कुणी तोलतं हे ऐकून मला इतकं हसू आलं..."

बाईंनी कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने वाचला. आधी वरचं, मग खालचं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. खालच्या आकड्याशी ते थांबले.

"सुकवायला काय वापरलंत?"

"कपाटातल्या डब्याचे खडे."

"अरे देवा," तो म्हणाला आणि हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "कपाटातला डबा."

"हायड्रोजन कशातून काढलास? ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा?"

"यंदा टाकीच मिळेना, बाई. महिनाभर वाट बघितली. शाळेला नाही कसं म्हणू? आणि उघड्यावर काही होत नाही. फुटला तरी वर निघून जातो. माझ्या बापाने तीस वर्षं जत्रेत हेच विकलं."

"तुझे वडील पालकसभेला आले होते तेव्हा त्यांना एकच भुवई होती."

"ते पिऊन पडले होते."

"पिऊन पडल्यावर भुवई जळते?"

त्याने सुपारीचा कागद चुरगळला. कोपऱ्यावरून पहिली माळ फुटली. लांब होती अजून, पण ट्रकची फळी थरथरली.

"आणि बनवायला मी बापाकडे नाही शिकलो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्या तासाला शिकलो. तुम्ही बाटलीत कॅनचे तुकडे टाकलेत आणि फुगा छताला जाऊन टेकला. सगळा वर्ग बाकांवर चढला होता. मी शाळेत तेवढा एकच तास नीट ऐकला."

"मग पेटवून दाखवला ना मी तो."

"नाही दाखवलात. घंटा झाली. उद्या दाखवते म्हणालात. दुसऱ्या दिवशी गणिताचे सर तुमचा तास मागून घेऊन बसले. परीक्षा होती. मग तो राहूनच गेला."

बाईंना ते आठवलं. तो दिवस नाही, पण गणिताचे सर आठवले, दारात उभे राहून नुसतं बोट उंचावणारे, आणि आपण प्रत्येक वेळी घ्या हो, घ्या म्हणत वही मिटायचो ते. किती तास दिले असतील असे? त्यांनी ट्रकच्या बाजूला हात टेकला.

"चिन-हो," त्या म्हणाल्या. "दोऱ्या मनगटाला बांधल्यात. दुहेरी गाठी आहेत."

त्याने झटकन वर पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. दर वर्षी मुलं फुगे हातात धरायची.

कागद बाईंना परत देऊन ट्रकच्या पुढच्या कप्प्यातून त्याने दोरा कापायच्या दोन कात्र्या काढल्या, एक बाईंच्या हातात दिली आणि धावत सुटला. पंचेचाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा माणूस, पायात रबरी चपला. फाटकापाशी मुलांच्या चार ओळी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर एकशेऐंशी फुगे एकमेकांना घासत होते. लाल आणि पिवळे. आ-होने एका शिक्षिकेच्या हातातून ध्वनिवर्धक ओढून घेतला.

"लहान्यांनो! इकडे बघा! देवी डोंगरावरून आली नाही, समुद्रावरून आलीय, तिला लांबचं दिसतं! फुगे आत्ता सोडले तर ती वाटेतच बघेल! ज्याचा फुगा सगळ्यात वर, त्याचं नाव तिला आधी कळणार! हात वर करा, मी कापतो!"

"माझं आधी! माझं आधी!"

"हे काय चाललंय?" फान मॅडम मुलांमधून वाट काढत आल्या. "फुगे पालखी आल्यावर! कार्यक्रमात लिहिलंय! ल्याओबाई, चार आलं म्हणालात ना तुम्ही?"

"एक गोष्ट सांगायची राहिली होती," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर बसून पहिलं मनगट हातात घेतलं. "शिक्षिकांना कात्र्या आणायला सांगा. सगळ्यांना. आत्ता."

मॅडमनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग शिट्टी तोंडात धरली आणि इतक्या जोराने फुंकली की ओळीतली दोन पोरं रडायला लागली.

कात्री मनगटाशी न्यायची तर पोरं हात मागे घ्यायची. बाईंनी दोरी आणि कातडी यांच्यामध्ये आपलं बोट घालून कापायला सुरुवात केली. एक. पुढचं. पुढचं. कितीदा तरी स्वतःचंच बोट चिमटलं. पलीकडच्या ओळीत आ-हो प्रत्येक फुग्याला आवाज देत होता, "गेला! हा बघ गेला!" आणि त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. माळांचा आवाज आता सुटा सुटा ऐकू येत नव्हता, त्याची एकच भिंत झाली होती आणि ती भिंत सरकत येत होती. धुराचा पहिला पट्टा फाटकाच्या कमानीवर दिसला.

शेवटी एक मुलगी उरली. तिने मूठ पोटाशी घट्ट धरली होती.

"मला नाही सोडायचा. माझा आहे तो."

"आजीला दे," बाई म्हणाल्या.

"आजीने घरी नेला तर?"

"आजी घरी नेणार नाही. बघ, तुझ्यासमोर सोडते."

मुलीने बराच विचार केला. बाईंना वाटलं, हिचा विचार संपेपर्यंत आपला श्वास संपेल. मग तिने मूठ पुढे केली. दोरी कापली गेली. लाल फुगा कमानीला घासला, सुटला, साखर कारखान्याच्या जुन्या धुराड्याच्या दिशेने तिरपा चढत गेला. तेवढ्यात पालखी कोपऱ्यावर वळली आणि पुढे काहीच दिसेना आणि ऐकू येईना. मुलांनी रिकामे हात कानांवर दाबले आणि तोंडं उघडून ती ओरडत राहिली, आनंदाने.

पालखी गेली तेव्हा रस्त्यावर लाल कागदांचा घोटाभर थर पडला होता. मुलं त्यात पाय ओढत वर्गांकडे निघाली. फान मॅडमचे केस धुराने पांढुरके झाले होते. त्यांनी हात पुढे केला.

"कागद."

बाईंनी खिशातून तो काढला. शाळेच्याच प्रयोगवहीतलं छापील पान होतं, सकाळी हाताला लागलं ते. घामाने मऊ झालं होतं. मॅडमनी ते दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"वर चार पॉइंट एक. खाली तीन पॉइंट चार. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरी आहेत. पहिल्यात पाणी होतं आणि हवा जास्त होती."

"आणि खाली?"

"खाली ते काढलं."

"म्हणजे हायड्रोजन." मॅडमचा आवाज खाली आला. "तो आला कुठून? मला वर लिहून कळवावं लागेल, बाई. कुणी भरला, कुणाला ठाऊक होतं, सगळं. तुम्ही सांगा, काय लिहू?"

बाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. तर्जनीच्या पेरावर कात्रीच्या तीन बारीक रेघा होत्या, त्यातल्या एकीतून रक्त येत होतं. त्यांना बोलायचं होतं. कुठून सुरुवात करावी, ट्रकपासून की त्या न दाखवलेल्या तासापासून, हे ठरत नव्हतं.

मागून एक हात पुढे आला. आ-होने मॅडमच्या बोटांतून तो कागद काढून घेतला, फाटकाच्या खांबावर टेकवला आणि बाईंच्या कानामागची पेन्सिल उचलली. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन छापील रेघा होत्या, सकाळपासून कोऱ्याच. वर्ग. क्रमांक. नाव. शाळेत सहा वर्षांच्या पोराचासुद्धा कुठलाही कागद या तीन रेघा भरल्याशिवाय घेत नाहीत.

तो लिहायला लागला. नववी, तुकडी दुसरी. मग क्रमांक. पटावरची तीस वर्षांपूर्वीची जागा. बाईंना वाटलं, इथे तो थांबेल, आठवावं लागेल त्याला.

त्याने सतरा लिहिलं, न थांबता, आणि त्याच्याखाली आपलं पूर्ण नाव.